फाटक किती रुंद आहे?

माझ्या व्हीलचेअरची रुंदी ६२ सेंटीमीटर आहे. चाकं हाताने फिरवताना कोपरं बाहेर येतात, ती धरली तर मला ८० सेंटीमीटर तरी मोकळी वाट लागते. फाटक त्याहून अरुंद असेल, तर पलीकडचं तळं कितीही सुंदर असो, ते माझ्यापुरतं नकाशावरच राहतं. म्हणून नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडच्या वायव्येला, लँकेस्टर गावात राहायला आले आणि लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर इथून तासाभरावर आहेत हे कळलं, तेव्हा मी सगळ्यात आधी तिथल्या फाटकांची मापं शोधायला बसले. ती मिळाली. एकेका वाटेवरच्या फाटकांची, चढांची आणि खडीचीसुद्धा.

ही गोष्ट मला केवढी मोठी वाटली, ते समजायला माझं गाव समजायला हवं. देवरुखजवळच्या आमच्या वाडीत रस्ता वर आणि घर खाली. मधे जांभ्या दगडांची पाखाडी, उतरती, पावसाळ्यात शेवाळलेली. मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. आजोबा मला पाठुंगळीला घेऊन ती पाखाडी उतरायचे, पुढे काका, पुढे चुलतभाऊ. कुणी कधी कुरकुर केली नाही. पण पाठीवरून जाणाऱ्याला नेणाऱ्याच्या सवडीने जावं लागतं आणि त्याच्याच सवडीने परतावं लागतं. नदीवर अजून थोडा वेळ बसावंसं वाटलं, तरी तसं म्हणायचा संकोच वाटतो. सहल म्हणजे कुठे जायचं, किती थांबायचं आणि कुठून मागे फिरायचं, हे आपलं आपण ठरवणं. लेक डिस्ट्रिक्टमध्ये मला ते मिळालं.

लेक डिस्ट्रिक्ट हे १९५१ साली झालेलं राष्ट्रीय उद्यान. २०१७पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. इंग्लंडमधला सगळ्यात उंच डोंगर, ९७८ मीटरचा स्काफेल पाइक, इथलाच. पण आपल्याकडच्या अभयारण्यासारखं हे रान नाही. इथे माणसं राहतात, शेती करतात, हर्डविक जातीच्या राखी लोकरीच्या मेंढ्या पाळतात. डोंगरउतारांवर मैलोन् मैल गडगे आहेत, अगदी कोकणातल्या गडग्यांसारखे: चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड रचलेला. पायवाटा या गडग्यांना छेदून जातात. मेंढी पलीकडे जाऊ नये आणि माणूस मात्र जावा, म्हणून गडग्याला दगडाच्या किंवा लाकडाच्या पायऱ्या बसवलेल्या असतात. त्यांना इथे ‘स्टाइल’ म्हणतात. पाय उचलून पलीकडे टाकता येणाऱ्याला त्यात काहीच अवघड नाही. मला तीच पाखाडी.

उद्यानाने ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ या नावाने सुमारे ५० वाटा निवडल्या आहेत. त्यांवर अशी पायरी नाही. स्टाइल काढून फाटकं बसवली, खाचखळगे भरले, काही ठिकाणी चढ कमी करायला वाटच वळवून घेतली. या वाटांच्या तीन प्रती केल्या आहेत. पहिली ‘सर्वांसाठी’: डांबरी किंवा नीट दाबलेल्या बारीक खडीची वाट, चढ जास्तीत जास्त दहास एक, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. दुसरी ‘बऱ्याच जणांसाठी’: खडी जाड, चढ आठास एकपर्यंत, खुर्ची ढकलायला सोबत कुणीतरी हवं. तिसरी ‘काही जणांसाठी’: तिथे याहून तीव्र चढ भेटू शकतो, पृष्ठभाग मधेच तुटू शकतो, एखादी बुटकी पायरी येऊ शकते. अंदाजासाठी सांगते, इमारतीच्या रॅम्पला भारतातही बारास एक हे प्रमाण धरतात. तेव्हा दहास एक चढ खांद्यांना चांगलाच जाणवतो.

मला सगळ्यात आवडते ती तिसरी प्रत. एखादी वाट अवघड असली की आपल्यासारख्यांना सहसा दोनच उत्तरं मिळतात: ‘तुम्हाला नाही जमायचं’ किंवा ‘या हो, काही अडचण नाही’. पहिल्यात काळजी असते आणि दुसऱ्यात आपुलकी, पण माहिती दोन्हींत नसते. ‘काही जणांसाठी’ म्हणणारा नकाशा मला पायरी कुठे आहे ते सांगतो आणि पुढचं माझ्यावर सोडतो. आज खांदे दुखतायत, नको. किंवा आज भाची सोबत आहे, हवा कोरडी आहे, जाऊ या. धोका पत्करण्याचा हक्क धडधाकट माणसाला जन्मतःच असतो. आम्हाला तो कुणीतरी मोजमाप करून, खरं सांगून द्यावा लागतो.

लॅट्रिगची वाट या दृष्टीने माझी फार लाडकी. केझिक गावाच्या डोक्यावर, ९३१ मीटरच्या स्किडॉ डोंगराच्या पायाशी लॅट्रिग आहे. उंची अवघी ३६८ मीटर, पण माथ्यावरून केझिक, डर्वेंटवॉटर तळं आणि त्यामागच्या डोंगरांच्या रांगा एका नजरेत येतात. आल्फ्रेड वेनराइट यांनी १९५५ ते १९६६ या काळात हाताने लिहून, हाताने चित्रं काढून या भागातल्या २१४ डोंगरांची मार्गदर्शक पुस्तकं केली. ते सगळे डोंगर चढायचा ध्यास घेतलेले हजारो लोक इथे आहेत. त्या २१४ मध्ये लॅट्रिग आहे. मागच्या बाजूने, गेल रोडच्या शेवटच्या वाहनतळापासून, उताराला आडवी जाणारी खडीची वाट माथ्याजवळच्या बाकापर्यंत केलेली आहे.

माझी साधी हाताने चालवायची खुर्ची. तिची पुढची दोन चाकं छोटी, खडीत हमखास रुततात. म्हणून पायटेकूला पुढे एक मोठं चाक अडकवते, त्याने ती छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात. भाची मँचेस्टरला शिकते, ती मागून ढकलते. चढ सुरू झाला की मी चाकं फिरवते आणि ती ढकलते, दोघींचा ताल जुळला तरच खुर्ची पुढे सरकते. ‘मावशी, थांबू का जरा?’ असं तिने विचारलं की मी बहुतेक वेळा नको म्हणते आणि मग दोघी थांबतो. वाऱ्याला तिथे अडसर नाही. मे महिन्यातही जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घ्यावी लागते.

या डोंगराच्या वाटेसाठी एकदा लढा झालेला आहे. १८८७ साली जमीनमालकांनी लॅट्रिगवर जाणाऱ्या जुन्या वाटा अडथळे घालून बंद केल्या. केझिकच्या लोकांनी पायवाटा वाचवण्यासाठी संघटना उभी केली आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सुमारे २,००० माणसं अडथळे दूर करत डोंगरावर चढून गेली. प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी तडजोड होऊन वर जाणारी वाट खुली राहिली. त्या संघटनेचे अध्यक्ष होते गावचे पाद्री हार्डविक रॉन्सली. पुढे १८९५ साली नॅशनल ट्रस्ट ही संस्था ज्या तिघांनी स्थापन केली, त्यांतले ते एक. डोंगर कुणाच्याही मालकीचा असो, त्यावर चालायचा हक्क सर्वांचा, असं ती माणसं म्हणत होती. ‘सर्वांचा’ यात आम्हीही आलो, हे वाटेवर उतरायला मात्र शंभरावर वर्षं लागली. कायद्याने १९९५ साली अपंगांशी भेदभाव करायला बंदी केली. २०१०च्या समता कायद्यात ती तरतूद आली आणि सेवा देणाऱ्या प्रत्येकावर ‘वाजवी फेरबदल’ करण्याची जबाबदारी राहिली. हे कायदेही सहजी आलेले नाहीत. नव्वदच्या दशकात अपंग कार्यकर्त्यांनी स्वतःला बसगाड्यांना साखळ्यांनी बांधून घेऊन रस्ते अडवले होते.

लॅट्रिगच्या पायथ्याने केझिक ते थ्रेलकेल्ड अशी साधारण पाच किलोमीटरची वाट आहे. घरातल्या वयस्कर माणसांना कुठे न्यावं असं मला कुणी विचारलं, तर मी हीच सांगते. इथे १८६०च्या दशकात रेल्वे आली, १९७२ साली बंद पडली. आगगाडीला फार चढ चालत नाही, त्यामुळे रूळ काढल्यावर उरलेली वाट आमच्यासाठी जणू बेतून केलेली. ग्रेटा नदी सारखी आडवी येते आणि दर वेळी लोखंडी पूल भेटतो. डिसेंबर २०१५ मध्ये डेझमंड वादळाच्या पुरात यातले दोन पूल आणि वाटेचे काही तुकडे वाहून गेले. पाच वर्षं वाट तुटलेली होती. डिसेंबर २०२० मध्ये ती पुन्हा सुरू झाली, खर्च आला ७९ लाख पौंड. त्या कामात एक जुना बोगदाही उकरून काढला. सत्तरच्या दशकात शेजारून मोठा रस्ता नेताना तो भरावाखाली गाडला गेला होता. लँकेशरच्या कापडगिरण्यांना लागणाऱ्या लाकडी रिळांचा कारखाना जवळ होता, त्यावरून त्याचं नाव बॉबिन मिल बोगदा. आता त्यात दिवे आहेत आणि खाली सपाट डांबर.

या डांबरावरून बरंच वादंग झालं. रानातली वाट रानासारखीच असावी, डांबराने तिचा जीव जातो, असं अनेकांनी पोटतिडकीने मांडलं. त्यांचं डोंगरांवरचं प्रेम खरं आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण पावसानंतर चिखलात चाक रुतलं की माझे दोन्ही हात चिखलाने भरतात, कारण चाक फिरवायचं कडं चाकालाच लागून असतं. मग त्याच हातांनी डबा उघडायचा. डांबरावर मी एकटी जाते. भाची नाही, नवरा नाही. नदीचा आवाज ऐकायला हवं तेवढं थांबते. उरलेले सगळे डोंगर दगडधोंड्यांचेच राहणार आहेत. पाच किलोमीटर आम्हाला द्यायला काय हरकत आहे?

पाण्यावरून जायचं तर विंडरमियर तळं आहे, इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं, सुमारे १७ किलोमीटर लांब. बोनेस गावापासून पलीकडच्या काठावर ‘मॅलार्ड’ नावाची तर जाते. पाण्यात सोडलेल्या पोलादी दोरांना धरून ती ये-जा करते. दोन्ही टोकांना उतरता फळा असतो, त्यावरून मोटारी आत शिरतात आणि त्याच फळ्यावरून माझी खुर्चीही जाते. अपंगांसाठी वेगळं दार नाही, मागचा दरवाजा नाही, कुणाला हाक मारायची नाही. पलीकडच्या काठाने उत्तरेला रे कॅसल नावाच्या वाड्यापर्यंत झाडीतून वाट जाते. किल्ल्यासारखा दिसणारा हा वाडा १८४०च्या दशकात बांधलेला. १८८२ साली लंडनचं एक कुटुंब उन्हाळ्यापुरतं इथे राहायला आलं. त्यांची सोळा वर्षांची मुलगी म्हणजे बिअट्रिक्स पॉटर, पुढे पीटर रॅबिटच्या गोष्टींमुळे जगभर गाजलेली लेखिका.

तिच्या नावाने इथे गर्दी होते ती हिल टॉप या घरी. सतराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर, तिने १९०५ साली विकत घेतलेलं. लहान खोल्या, अरुंद दारं, वर जायला जिनाच. व्हीलचेअरवरच्या माणसाला ते घर पुरतं बघता येत नाही, आणि नॅशनल ट्रस्ट ते आधीच सांगते. त्या घराची दारं फोडून रुंद करावीत असं मला मुळीच वाटत नाही. तिथे जाऊन दारातून परतायला लागलं असतं, तर वाईट वाटलं असतं. घरी बसून वाचलं तेव्हा फक्त बेत बदलला. त्या दिवशी आम्ही टार्न हाउझला गेलो. तेही तिचंच देणं आहे. १९३० साली तिने मंक कोनिस्टनची मोठी मालमत्ता विकत घेतली, त्यात हे तळं होतं. अर्धा भाग तिने नॅशनल ट्रस्टला घेतलेल्या भावातच दिला. तळं निसर्गाने घडवलंय असंच वाटतं, पण एकोणिसाव्या शतकात बांध घालून तीन लहान डबक्यांचं ते एक केलेलं आहे. भोवतीची वाट तीनेक किलोमीटरची, चढउतारांची, आणि एका बाजूला कोनिस्टनचे डोंगर उघडे पडतात.

अशा वाटांसाठी ‘ट्रॅम्पर’ नावाची बॅटरीवरची चारचाकी असते. जाड टायरांची, खडी आणि गवत दोन्हींवरून जाणारी. काही ठिकाणी ती वापरायला मिळते, पण आधी फोन करून ठरवावी लागते. ज्यांचे गुडघे गेले आहेत पण जे स्वतःला अपंग म्हणवून घ्यायला तयार नाहीत, अशा आपल्याकडच्या पाहुण्यांसाठी ती फार उपयोगाची आहे. व्हीलचेअरवर बसायला माझ्या सासऱ्यांनी साफ नकार दिला होता. ट्रॅम्परवर मात्र स्वतः हँडल धरून बसले आणि आमच्या पुढे निघून गेले.

लहान मुलं बरोबर असतील तर पश्चिमेच्या समुद्रकाठी रेव्हनग्लासला जावं. तिथून एस्कडेलच्या खोऱ्यात ११ किलोमीटर जाणारी वाफेची चिमुकली गाडी आहे. १८७५ साली खाणीतलं लोहखनिज आणायला हा मार्ग सुरू झाला, पुढे तो आणखी अरुंद केला. दोन रुळांमधलं अंतर आता अवघं ३८ सेंटीमीटर आहे, माझ्या खुर्चीपेक्षा २४ सेंटीमीटर कमी. तरी व्हीलचेअर आत घेणारे डबे त्यांनी केलेत. जागा आधी राखून ठेवावी लागते.

आता ज्याच्याबद्दल लेखांत कुणी लिहीत नाही, त्याबद्दल. स्वच्छतागृह. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणं आपल्याकडच्या बायकांना नवं नाही. व्हीलचेअरवरची बाई ते अख्खा दिवस करते आणि त्याचे परिणाम मूत्रपिंडांवर भोगते. इथे १९८१ पासून एक किल्लीची योजना आहे. रडार नावाच्या संघटनेने ती सुरू केली, म्हणून सगळे तिला ‘रडार किल्ली’च म्हणतात. एकाच किल्लीने देशभरातली हजारो अपंगांची स्वच्छतागृहं उघडतात. कुलूप असल्यामुळे ती बरीचशी स्वच्छ राहतात. ज्यांना खुर्चीवरून स्वतः उठताच येत नाही त्यांच्यासाठी ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाच्या मोठ्या खोल्या असतात, आत माणूस उचलायचं यंत्र आणि मोठ्या माणसाला आडवं होता येईल असा बाक. २००६ पासून पालकांनी आणि संस्थांनी त्यासाठी मोहीम चालवली. २०२१ पासून इंग्लंडमध्ये नव्या मोठ्या सार्वजनिक इमारतींना अशी खोली सक्तीची आहे. अपंगांच्या स्वच्छतागृहात छतापासून एक लाल दोरी लोंबते. पडलात तर ओढायची, घंटा वाजते. एका चहाच्या दुकानात मला ती वर गुंडाळून बांधलेली दिसली, झाडू मारताना मधे येते म्हणून. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात वर बांधलेल्या दोरीला कसा पोचणार? मी ती सोडली आणि मालकीणबाईंना कारण सांगितलं. त्यांना ते खरोखरच ठाऊक नव्हतं. ‘युअन्स गाइड’ ही संस्था या दोऱ्यांना अडकवायला छोटी कार्डं देते, दोरी जमिनीपर्यंत मोकळी ठेवा असं लिहिलेली. तेव्हापासून चार-पाच कार्डं माझ्या पिशवीत असतात.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. विंडरमियरपर्यंत रेल्वे आहे. गाडी आणि फलाट यांमधे फळी टाकायला माणूस लागतो, त्यासाठी निदान दोन तास आधी कळवावं. मी आदल्या दिवशीच कळवते. पुढे अँबलसाइड, ग्रासमियर करत केझिकला जाणारी ५५५ नंबरची बस आहे. बसमध्ये खुर्चीची जागा असते, पण बाबागाड्याही तिथेच उभ्या राहतात. डग पॉली या व्हीलचेअरवरच्या गृहस्थांना २०१२ मध्ये यॉर्कशरमध्ये अशाच कारणाने बसमध्ये चढता आलं नाही. त्यांनी खटला लढवला. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालकाने नुसती विनंती करून हात झटकणं पुरेसं नाही. पण निकाल झाला तरी शनिवारी दुपारी भरलेल्या बसमध्ये चढताना छातीत धडधडतंच. म्हणून मी सकाळची बस धरते.

मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आणि ‘आम्ही काय येणार, तुम्ही जाऊन या’ म्हणत खिडकीशी बसणाऱ्या आईवडिलांसाठी काही गोष्टी. ब्रिटिश रेडक्रॉसकडून थोड्या दिवसांसाठी व्हीलचेअर मिळते. नॅशनल ट्रस्टच्या जागी मदतनिसाला तिकीट पडत नाही. मे ते सप्टेंबर दिवस मोठा असतो, पण शाळांच्या सुट्टीत, जुलैअखेर ते ऑगस्ट, वाहनतळ लवकर भरतात; जूनचा पहिला पंधरवडा बरा. पाऊस कधीही येतो, तेव्हा मांडीवरून पाय झाकणारा रेनकोट घ्या. साध्या छत्रीने एक हात अडकतो आणि खुर्ची वर्तुळात फिरते. आणि कुठेही फोन केलात तर ‘व्हीलचेअर येते का’ असं विचारू नका, उत्तर हमखास हो येतं. सगळ्यात अरुंद दार किती सेंटीमीटरचं, वाहनतळापासून दारापर्यंत पायऱ्या किती, खाली खडी आहे की फरशी, आणि स्वच्छतागृह आतच आहे की रस्त्यापलीकडे, हे विचारा. समोरचा माणूस टेप घेऊन मोजायला गेला तर फोन धरून थांबा.